लहान संकेतस्थळाला कोणता डेटाबेस पुरतो?

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर जी संकेतस्थळे उभी राहतात, ती बहुतेक लहान असतात. निवास-न्याहारीच्या चार खोल्यांचे आरक्षण घेणारे एखादे घर, बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकाला पाठवणारा देवगडचा बागायतदार, गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची किंवा एखाद्या दशावतारी मंडळाच्या प्रयोगांच्या तारखा, असा त्यांचा पसारा असतो. हे काम करून देणाऱ्या तरुणाला, किंवा स्वतःच शिकून ते करणाऱ्या मालकाला, सुरुवातीलाच एक प्रश्न अडवतो, तो म्हणजे माहिती साठवायला कोणता डेटाबेस घ्यावा. या प्रश्नाची उत्तरे सहसा मोठ्या कंपन्यांच्या अनुभवातून येतात, आणि लाखो लोकांसाठी जे आवश्यक ठरले ते चार खोल्यांसाठीही आवश्यक असणार असे नकळत धरून चालले जाते. माझ्या मते लहान संकेतस्थळाने आधी पाहावे ते हे, की एकाच वेळी किती जण माहिती लिहिणार आहेत, ती यंत्रणा वर्षभर कोण सांभाळणार आहे, आणि बिघाड झाला तर माहिती परत कशी मिळणार आहे. संकेतस्थळ किती जण पाहतात हा प्रश्न त्यानंतर येतो.

डेटाबेस म्हणजे केवळ माहितीचा साठा नव्हे. साठा तर साध्या फाइलीतही होतो. डेटाबेस त्यापलीकडे दोन हमी देतो. नोंद एकतर पूर्ण लिहिली जाईल किंवा मुळीच लिहिली जाणार नाही, ही पहिली. आणि आपण घालून दिलेला नियम मोडणारी नोंद स्वीकारली जाणार नाही, ही दुसरी. तक्ते, रकाने आणि त्यांच्यातील संबंध यांच्या रूपात माहिती मांडण्याची कल्पना आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. एसक्यूएलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे ज्या तीन डेटाबेसांतून लहान संकेतस्थळाला प्रामुख्याने निवड करावी लागते, ते तिन्ही याच कल्पनेवर उभे आहेत आणि तिघांनाही एसक्यूएल ही डेटाबेसला आज्ञा देण्याचीच भाषा समजते.

ज्या संकेतस्थळाला या हमींची गरज नाही, त्याने डेटाबेस घेऊच नये. दशावतारी मंडळाच्या प्रयोगांच्या तारखा महिन्यातून काही वेळा बदलत असतील आणि त्या बदलणारी व्यक्ती एकच असेल, तर आधीच तयार करून ठेवलेली साधी पाने पुरेशी आहेत. अशी पाने कमकुवत नेटवर्कवरही लवकर उघडतात आणि त्यांच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. वाचनालयाच्या सूचीचेही असेच आहे. पाच हजार ग्रंथ, प्रत्येकाची नोंद शंभर अक्षरचिन्हांची, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते, असा हिशेब केला तर सगळी सूची सुमारे दीड मेगाबाइटची होते. एवढी फाइल वाचकाच्या ब्राउझरमध्येच उतरवून तिथल्या तिथे शोध घेता येतो. पुस्तकांची देवघेव त्याच संकेतस्थळावर नोंदवायची ठरली की मात्र चित्र बदलते, कारण तेव्हा लिहिणारे हात एकाहून अधिक होतात.

लिहिणारे हात वाढले की नेमके काय बिघडते, हे आरक्षणाच्या उदाहरणावरून नीट समजते. गुहागरच्या एका घरात समुद्राकडची एकच खोली आहे आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला मागणी आहे, असे समजू. पुण्यातील एक कुटुंब ३० डिसेंबरची रात्र मागते. संकेतस्थळ यादी तपासते, खोली रिकामी दिसते. त्याच क्षणी कोल्हापूरहून दुसरे कुटुंब तीच रात्र मागते. त्यांच्यासाठीही यादी तपासली जाते आणि अजून पहिली नोंद लिहिलेली नसल्यामुळे खोली रिकामीच दिसते. मग दोन्ही नोंदी लिहिल्या जातात, दोघांना आरक्षण झाल्याचा संदेश जातो, आणि ३० तारखेच्या संध्याकाळी दोन गाड्या एकाच अंगणात येऊन उभ्या राहतात. यात कोणाचाही संगणक मंद नव्हता आणि गर्दीही नव्हती. फक्त तपासणे आणि लिहिणे या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दुसरा माणूस शिरला. माहिती साध्या फाइलीत किंवा सामायिक स्प्रेडशीटमध्ये ठेवली तर ही फट बुजवण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर येते, आणि ती बुजवायची राहिली आहे हे बहुधा ऐन हंगामातच कळते.

डेटाबेसमध्ये ही फट एका नियमाने बंद होते. आरक्षणाच्या तक्त्यात प्रत्येक खोलीच्या प्रत्येक रात्रीसाठी एक ओळ ठेवायची आणि खोली व तारीख यांची जोडी दुसऱ्यांदा येता कामा नये, असे तक्ता तयार करतानाच सांगून ठेवायचे. मग प्रोग्रामने काहीही तपासले असले, तरी दुसरी ओळ लिहिण्याचा प्रयत्न डेटाबेस स्वतः नाकारतो. तीन रात्रींचे आरक्षण असेल तर तिन्ही ओळी एकाच व्यवहारात लिहायच्या, म्हणजे दुसरी रात्र आधीच गेलेली असल्यास पहिलीची ओळही मागे घेतली जाते आणि अर्धवट आरक्षण उरत नाही. आंब्याच्या पेट्यांनाही हेच तत्त्व लागू पडते. शिल्लक पेट्यांचा आकडा वाचून, प्रोग्राममध्ये एक वजा करून, नवा आकडा परत लिहिण्याऐवजी ‘शिल्लक शून्यापेक्षा अधिक असेल तरच एक कमी कर’ अशी एकच आज्ञा डेटाबेसला द्यावी. मुख्य म्हणजे ही सोय तिन्ही डेटाबेसांत आहे. दुहेरी आरक्षण टाळण्यासाठी मोठाच डेटाबेस लागतो हा समज बरोबर नाही.

आता वर्दळीकडे वळू. दिवसाला ५०० वेळा पाने उघडली जाणारे निवासाचे संकेतस्थळ लहान गावाच्या मानाने बरेच चालते म्हणावे लागेल. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे सरासरी सुमारे तीन मिनिटांत एक पान उघडले जाते. ही सगळी वर्दळ संध्याकाळच्या चार तासांत एकवटली असे धरले, तरी दर अर्ध्या मिनिटाला एक पान एवढेच प्रमाण होते, तर नीट रचलेल्या तक्त्यातून एखादी नोंद शोधायला डेटाबेसला काही मिलिसेकंदच लागतात. बागायतदाराची गोष्ट थोडी वेगळी, कारण त्याची वर्दळ झुंडीने येते. पहिली तोड झाल्याचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आणि दहा मिनिटांत २०० जणांनी संकेतस्थळ उघडून ४० जणांनी मागणी नोंदवली, तर लेखनाचा वेग दर पंधरा सेकंदांना एक नोंद असा पडतो. ज्या दिवसाला बागायतदार मोठ्या गर्दीचा दिवस म्हणेल, त्या दिवशीही डेटाबेस बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या आकड्यांनी स्वतः करून पाहावा. त्यानंतर निवडीची भीती बरीच कमी होते.

अशा संकेतस्थळासाठी माझी पहिली पसंती एसक्यूएलाइटला आहे. रिचर्ड हिप यांनी तो २००० मध्ये तयार केला. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवर वापरायच्या एका प्रणालीवर ते काम करत होते, आणि वेगळ्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू ठेवाव्या लागणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेवर, चालणारा तिथला डेटाबेस बंद पडला की त्यावर अवलंबून असलेला प्रोग्रामही अडून बसे. त्यातून सर्व्हरच नको, डेटाबेस थेट डिस्कवरच्या एका फाइलीत असावा, असा विचार पुढे आला. त्यामुळे एसक्यूएलाइट स्वतंत्रपणे चालू करावा लागत नाही, त्याला वेगळा पासवर्ड नसतो, आणि सगळी माहिती एका फाइलीत राहते. तो कोणाच्याही मालकीचा नाही. त्याच्या कर्त्यांनी तो सार्वजनिक वापरासाठी खुला केला आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये तो असतो, आणि फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅपचे संदेशही त्यातच साठवलेले असतात. दिवसाला एक लाखापेक्षा कमी भेटी असणाऱ्या संकेतस्थळाला तो सहज पुरावा, असे त्याचे कर्ते म्हणतात आणि हा अंदाज सावध असल्याचेही सांगतात. त्यांचे स्वतःचे संकेतस्थळही त्यावरच चालते.

त्याची खरी मर्यादा लेखनात आहे. एसक्यूएलाइटमध्ये एका क्षणी एकच लेखन चालू शकते. ग्रामपंचायतीचे आवक-जावक रजिस्टर टेबलावर उघडे असताना अनेकांना ते वाचता येते, पण नोंद करायला लेखणी एकच असते, तसेच हे आहे. २०१० मध्ये आलेल्या ‘वॉल’ (‘राइट-अहेड लॉग’चे लघुरूप) या पद्धतीत नवे लेखन आधी शेजारच्या फाइलीत होते आणि नंतर मुख्य फाइलीत मिसळले जाते, त्यामुळे लेखन चालू असतानाही वाचणाऱ्यांना थांबावे लागत नाही. संकेतस्थळासाठी ही पद्धत सुरू करावी. सोबत, लेखणी मोकळी नसेल तर किती वेळ वाट पाहायची तेही सांगून ठेवावे. मूळ मांडणीत ही वाट पाहण्याची मुदत शून्य असते, म्हणून दुसऱ्या लेखनाने लावलेले कुलूप दिसताच लगेच चूक दाखवली जाते आणि नवखा माणूस डेटाबेसलाच दोष देतो. पाच सेकंदांची मुदत दिली की लहान संकेतस्थळावर ही तक्रार सहसा उरत नाही. आणखी दोन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. तक्त्यांमधील संबंध तपासण्याचा नियम एसक्यूएलाइटमध्ये मुळात बंद असतो आणि प्रोग्राम डेटाबेसला जोडला जातो त्या प्रत्येक वेळी तो चालू करावा लागतो. तसेच आकड्याच्या रकान्यात मजकूर लिहिला गेला तरी तो सहसा हरकत घेत नाही. २०२१ पासून उपलब्ध असलेले ‘स्ट्रिक्ट’ तक्ते वापरले की ही ढिलाई थांबते.

फाइलीची जागा हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. ही फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये, कारण नाव ओळखता आले तर कोणीही ती उतरवून घेईल आणि तिच्यात पाहुण्यांचे फोन क्रमांक व पत्ते असतील. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी, ज्याने विश्वासाने आपला क्रमांक दिला त्याची माहिती जपणे हे यजमानाचे काम आहेच.

मायएसक्यूएल घ्यावा अशी परिस्थितीही अगदी सामान्य आहे. संकेतस्थळ वर्डप्रेस या आयत्या प्रणालीवर करायचे असेल तर प्रश्नच मिटतो, कारण वर्डप्रेसला मायएसक्यूएल किंवा त्याचाच भाऊबंद असलेला मारियाडीबी लागतो, आणि स्वस्त सामायिक होस्टिंगमध्ये, म्हणजे संकेतस्थळ ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या जागेत, तो आधीच दिलेला असतो. १९९५ साली सुरू झालेला मायएसक्यूएल आधी सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनसोबत ओरॅकलकडे गेला. त्याआधीच, २००९ मध्ये, त्याचे एक मूळ कर्ते मायकेल विडेनियस यांनी मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा काढली होती. लहान संकेतस्थळाच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक पडत नाही. होस्टिंगवाला जो देईल तो घ्यावा. मात्र मजकुराची लिपी-मांडणी ठरवताना ‘यूटीएफ८एमबी४’ हाच पर्याय निवडावा. मायएसक्यूएलमध्ये नुसते ‘यूटीएफ८’ लिहिले की बराच काळ त्याचा अर्थ तीन बाइटपर्यंतची चिन्हे एवढाच होता. देवनागरी त्यात बसते, म्हणून चाचणी घेताना सगळे ठीक दिसते, पण एखाद्या पाहुण्याने अभिप्रायात इमोजी टाकला की नोंद नाकारली जाते किंवा मजकूर तिथेच तुटतो.

पोस्टग्रेसबद्दल मला आदर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेल्या प्रकल्पातून तो वाढला, आणि नियमांच्या काटेकोरपणात तो या तिघांत सरस आहे. आरक्षणाची ‘कधीपासून कधीपर्यंत’ अशी मुदतच एका रकान्यात ठेवून, एकाच खोलीच्या दोन मुदती एकमेकींवर चढत असतील तर नोंद नाकारायची, एवढे त्याला थेट सांगता येते. रात्रीगणिक ओळ ठेवण्याची गरज उरत नाही. दोन-तीन गावांतील वीस-पंचवीस घरांनी मिळून एक सामायिक आरक्षण-संकेतस्थळ चालवायचे ठरवले, घरोघरचे मालक आपापल्या नोंदी करणार असले आणि हिशेबनिसाला वेगळे अधिकार द्यायचे असले, तर सुरुवातीपासूनच पोस्टग्रेस घ्यावा. त्याचा सर्व्हर सतत चालू ठेवावा लागतो, त्याला मेमरी लागते, आणि दर काही वर्षांनी मुख्य आवृत्ती बदलावी लागते. हे काम करणारा माणूस ठरलेला नसेल तर त्याचे गुण उपयोगी पडत नाहीत.

मोंगोडीबीसारखे, तक्त्यांऐवजी सुट्या दस्तऐवजांच्या रूपात माहिती ठेवणारे डेटाबेस लहान संकेतस्थळासाठी सहसा सुचवू नयेत असे मला वाटते. खोल्या, पाहुणे, पेट्या आणि पैसे ही माहिती मुळातच तक्त्यांची आहे.

मराठी मजकुराचा मुद्दा बहुतेक तुलनांमध्ये येतच नाही, आणि आपल्याला तर तो रोज भेटतो. एसक्यूएलाइट मुळात चिन्हांच्या सांकेतिक क्रमाने यादी लावतो, आणि युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हेही शेवटी न येता ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात. ग्रंथसूचीसाठी हे महत्त्वाचे असेल तर क्रमासाठी वेगळा रकाना ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. दुसरी अडचण शोधाची. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिले जाते: एकतर एकसंध चिन्ह म्हणून, नाहीतर ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण डेटाबेसला ती वेगळी वाटू शकतात, आणि मग ‘किनाऱ्यावरची खोली’ शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. म्हणून मजकूर साठवण्यापूर्वी तो युनिकोडच्या ठरलेल्या एकाच रूपात आणावा, आणि शोधाचा शब्दही त्याच रूपात आणून मग शोधावा. फोन क्रमांक कोणी ९८ असे देवनागरीत लिहिले आणि कोणी इंग्रजी अंकांत, तर तेही साठवताना एकाच प्रकारात बदलून घ्यावेत.

आता सांभाळण्याकडे येऊ, कारण कोकणात तेच सर्वांत कठीण आहे. निवासाचे संकेतस्थळ पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ शांत असते. फुकट मिळणाऱ्या काही डेटाबेस-सेवा काही दिवस वापर झाला नाही तर तो प्रकल्प थांबवून ठेवतात, आणि गणपतीच्या तोंडावर चौकश्या सुरू होतात तेव्हा पान उघडत नाही. अशा सेवेच्या अटी जूनपूर्वी वाचाव्यात. दुसरा धोका एसक्यूएलाइटच्याच वाट्याला येतो. काही होस्टिंग सेवांची डिस्क तात्पुरती असते. प्रोग्राम नव्याने चढवला किंवा पुन्हा सुरू झाला की डिस्कवर लिहिलेले सर्व पुसले जाते. तिथे एसक्यूएलाइटची फाइल ठेवली तर नोंदी पहिल्या काही दिवसांतच नाहीशा होतील. कायमची डिस्क आहे का, हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावा. अनेक यंत्रांना नेटवर्कवरून जोडलेल्या सामायिक डिस्कवरही ही फाइल ठेवू नये, कारण वर सांगितलेली वॉल पद्धत तिथे चालत नाही.

जुन्या संगणकावर घरातच सर्व्हर चालवावा असेही काही जणांना वाटते. वीज अचानक गेली तर एसक्यूएलाइट अर्धवट लेखन मागे घेऊन फाइल सुसंगत ठेवतो, मात्र ‘लिहिले’ म्हणून सांगणाऱ्या डिस्कने ते खरोखर लिहिलेले असले पाहिजे. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले. घरातला सर्व्हर अशा वेळी घरासोबतच बंद होतो. संकेतस्थळ बाहेरच्या होस्टिंगवर असावे आणि बॅकअपची एक प्रत घरी, एक तिसऱ्या ठिकाणी असावी. घरातल्या दोन पेनड्राइव्हवर ठेवलेल्या दोन प्रतींना दोन बॅकअप म्हणता येत नाही.

बॅकअप घेण्याची रीतही नीट पाळावी लागते. वॉल पद्धतीत ताजी नोंद काही काळ शेजारच्या फाइलीत असते, त्यामुळे चालू संकेतस्थळावर केवळ मुख्य फाइलीची प्रत काढली तर शेवटच्या नोंदी सुटू शकतात. एसक्यूएलाइटची स्वतःची ‘बॅकअप’ आज्ञा किंवा २०१९ पासूनची ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही आज्ञा वापरली की पूर्ण आणि सुसंगत प्रत मिळते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांच्याकडेही अशी साधने आहेत. छायाचित्रे डेटाबेसमध्ये न ठेवता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता लिहिला, तर डेटाबेसची प्रत लहान राहते. वर्षाला दोन हजार आरक्षणे आणि प्रत्येकाला दीड किलोबाइट धरले, तर दहा वर्षांचा मजकूर सुमारे ३० मेगाबाइट होतो, आणि एवढी प्रत रोज रात्री कुठेही पाठवता येते. घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, कालचे शेवटचे आरक्षण तिच्यात दिसते का, हे महिन्यातून एकदा पाहावे. हे न पाहता ठेवलेल्या बॅकअपवर मी भरवसा ठेवणार नाही.

पुढे कधी एसक्यूएलाइट अपुरा पडलाच, तर ते ओळखता येते: वॉल पद्धत आणि वाट पाहण्याची मुदत असूनही कुलपाची चूक वारंवार दिसू लागते, किंवा एकाऐवजी दोन सर्व्हर चालवण्याची वेळ येते. त्या दिवसाची तयारी पहिल्याच आठवड्यात करून ठेवता येते. तारखा २०२५-१२-३० अशा वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहाव्यात, रकमा दशांशातील रुपयांत न ठेवता पूर्णांकी पैशांत ठेवाव्यात, आणि एकाच डेटाबेसला कळणाऱ्या खास आज्ञा शक्यतो टाळाव्यात. प्रत्यक्ष स्थलांतर जुलै-ऑगस्टमध्ये करावे, कारण तेव्हा लेखन सर्वांत कमी असते. काही तास नवीन नोंदी बंद ठेवाव्यात, माहिती पोस्टग्रेसमध्ये न्यावी, प्रत्येक तक्त्यातील ओळींची संख्या दोन्हीकडे मोजून ताडून पाहावी, रकमांची बेरीज जुळते का ते तपासावे, आणि मगच संकेतस्थळ नव्या डेटाबेसवर सुरू करावे. जुनी फाइल केवळ वाचनापुरती राखून पुढचा हंगाम संपेपर्यंत काढून टाकू नये.